खंड्याचा डोळा

पडद्यामागून काहीच आवाज येत नव्हता. न येणाऱ्या आवाजालाही वजन असते, हे डॉक्टरांना घाटाच्या पहिल्या वळणावर कळले. गाडी वर चढत होती आणि ते वजन तिला मागे ओढत होते.

"पाणी हवंय का गं?" त्यांनी आरशाकडे पाहत विचारले. आरशात फक्त तपकिरी पडदा दिसत होता आणि पडद्याच्या चुण्यांत दुपार अडकून पडली होती.

उत्तर नाही.

"खिडकी उघडू थोडी?"

पडदा वळणासोबत डावीकडे झुकला, मग सरळ झाला. एवढेच.

डॉक्टर दातांचे. सारे आयुष्य त्यांनी इतरांची तोंडे उघडण्यात घालवले होते. रोग्याच्या तोंडात आरसा, चिमटा आणि कापूस असताना एकट्यानेच बोलत राहायची त्यांना सवय होती; समोरच्याच्या गप्प बसण्याला ते संमती समजत. पण घरातले एक तोंड मिटले की कुठलेही हत्यार तिथे चालत नाही, हा अनुभव त्यांना निवृत्तीनंतर वारंवार येऊ लागला होता. आजचे मिटणे तर अक्कलदाढेपेक्षा खोल होते.

कारण होते एक खंड्या पक्षी. तळहाताएवढा.

बाई, म्हणजे डॉक्टरांची पत्नी, शाळेत चित्रकला शिकवत असत. मागच्या सहलीत एका कालव्याकाठी त्यांनी खंड्या पाहिला होता. पाण्यावर निळी रेघ ओढून तो क्षणात नाहीसा झाला आणि बाई बराच वेळ त्या पुसल्या गेलेल्या रेघेकडे बघत उभ्या राहिल्या. या सहलीला निघण्यापूर्वी त्यांनी तो आपल्या मोटरहोमच्या मागच्या दारावर, मुठीच्या शेजारी रंगवला. "दार उघडताना हाताला भेटेल," एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

पण क्लबचा नियम आडवा आला. मोटरहोम मालकांच्या या क्लबात डझनभर कुटुंबे होती आणि सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडून, एकाच बनावटीच्या गाड्या घेतल्या होत्या. मागे पलंग, मध्ये ओटा आणि जेवणाचे टेबल, पुढे चालकाची केबिन, केबिनच्या पाठीशी जाड पडदा. बाहेरून सगळ्या पांढऱ्याफटक. तळावर त्या ओळीने उभ्या राहिल्या की एखाद्या अजस्र जबड्यातली दातांची कवळी दिसे, आणि या दृश्याने समाधान पावणारे डॉक्टर एकटेच असत. क्लबचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. "क्लब म्हणजे सर्कस नव्हे," असे सांगून साहेबांनी नियम केला होता की गाडीवर चित्र, नाव, झालर, घंटा, काही म्हणजे काही असू नये. आपली गाडी ओळखायची ती रांगेतल्या जागेवरून. डावीकडून पहिली साहेबांची, दुसरी डॉक्टरांची, तिसरी बेकरीवाल्याची, चौथी घड्याळजींची, आणि पुढे तसेच.

काल संध्याकाळी साहेब त्या खंड्यासमोर उभे राहिले आणि खोकले.

साहेबांचा खोकला हा नुसता खोकला नव्हता. निकाल देण्यापूर्वी ते कोर्टात असेच खोकत, असे लोक सांगत. खोल, कोरडा, दोन पायऱ्यांचा. पहिल्या पायरीवर आशा सुटायची, दुसरीवर दार लागायचे. आज रात्रीच्या मुक्कामी क्लबच्या कार्यवाहाची निवड व्हायची होती. डॉक्टरांना कार्यवाह व्हायचे होते. त्यामुळे आज पहाटे, बाई झोपेत असताना, डॉक्टरांनी आपल्या जुन्या पेटीतले सर्वांत नाजूक हत्यार काढले आणि दातावरचा थर खरवडावा तसा तो पक्षी दारावरून खरवडून काढला.

बाई उठल्या तेव्हा पायरीवर निळी पूड सांडलेली होती. त्यांनी बोटाने ती उचलून पाहिली. "उद्या सकाळच्या बसने मी घरी जाते," त्या म्हणाल्या. "गाडी तुम्ही आणि तुमचा नियम मिळून चालवा. आणि यापुढच्या सहलीला मला धरू नका." त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

आणि बाईंशिवाय ही गाडी म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक होते: चाके लावलेला दवाखाना. बसायला खुर्ची आहे, खिडकी आहे, आणि बोलायला कुणी नाही.

दुपारच्या जेवणाला सगळे टेकडीच्या पायथ्याशी थांबले. वहिनी, म्हणजे साहेबांची पत्नी, आपली गाडी टाकीत पाणी भरायला नळापाशी घेऊन गेल्या. तेवढ्यात उन्हे सरकली, म्हणून डॉक्टरांनी आपली गाडी रिकाम्या झालेल्या पहिल्या जागी, झाडाच्या सावलीत घेतली. वहिनी परतल्या त्या दुसऱ्या जागी उभ्या राहिल्या. एवढीशी गोष्ट. एरवी डॉक्टरांनी बाईंना हाक मारून सांगितले असते. पण आज हाकेला ओ मिळणार नव्हती. जेवण झाले, सगळे आपापल्या गाडीकडे पांगले. डॉक्टर केबिनमध्ये बसून वाट पाहत होते. मागचे दार उघडले, मिटले. पलंग करकरला.

"निघायचं ना?" डॉक्टरांनी विचारले.

"हं."

तो 'हं' नेहमीपेक्षा जाड होता. रडून घसा बसला असावा, असे डॉक्टरांना वाटले. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक गाडीत एक वॉकीटॉकी असे. ताफ्यातल्या सगळ्यांनी एकमेकांशी त्यावर बोलायचे, आणि तो सतत चालू ठेवायचा हाही साहेबांचाच नियम. डॉक्टरांनी तो बंद करून खणात टाकला. बायकोची मनधरणी ही काही क्लबच्या कामकाजात मोडत नाही.

आता पुढे वहिनींची गाडी होती, मागे बेकरीवाल्याची, त्यामागे घड्याळजींची आणि बाकीच्यांची शेपूट. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. थांबायला जागा नाही, वळायला जागा नाही. मनातले बोलायला माणसाला अशीच जागा लागते.

"हे बघ," डॉक्टरांनी सुरुवात केली, "माझं चुकलं."

पडदा गप्प.

"चुकलं म्हणजे साफच चुकलं. अगं, तू झोपलेली असताना मी चोरासारखा बाहेर गेलो. विचारलंही नाही तुला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. याला काय म्हणतात ते मला कळतं." गियर बदलताना त्यांचा आवाजही खालच्या पट्टीत गेला. "एवढं सगळं कशासाठी? तर त्या म्हाताऱ्याच्या एका खोकल्यासाठी!"

पडद्यामागे पलंग किंचित करकरला. ऐकते आहे, डॉक्टरांना वाटले. आणि ऐकते आहे म्हटल्यावर त्यांना हुरूप आला.

"त्या साहेबांना काय जातंय गं खोकायला? निवृत्त झाले, पण खुर्ची काही सोडवत नाही. सकाळी शेकोटी विझवायची की नाही यावर सुनावणी! परवा अंड्याला मीठ जास्त झालं तर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या त्यांनी! आणि तो विनोद! तो तुरुंगातून सुटलेल्या कैद्याचा! दर मुक्कामाला तोच. मी म्हणतो, कैदी सुटला ना? मग त्या विनोदालाही सोडा की आता जन्मठेपेतून!"

पुढच्या गाडीचे मागचे दिवे लाल झाले, विझले, पुन्हा लाल झाले.

"वहिनी मध्येच ब्रेक का मारतायत कुणास ठाऊक," डॉक्टर म्हणाले. "सगळे त्या विनोदाला हसतात. मीही हसतो. सगळ्यांत आधी मी हसतो, हे तू मला मागेच बोलली होतीस. लाज वाटते गं. पण मला कार्यवाह व्हायचंय ना! म्हणून हसायचं, म्हणून त्या बेकरीवाल्याचा पाव खायचा. तो पाव नव्हे गं, खडक आहे. माझा दवाखाना चालू असता तर मी त्याला कमिशन दिलं असतं."

मागून हॉर्न वाजला. लांब, दुखावलेला.

"बघ! घाटात हॉर्न मारतोय. अशा माणसाकडून पावाची काय अपेक्षा ठेवणार!"

हॉर्न पुन्हा वाजला. त्याच्या मागच्या गाडीनेही आपला हॉर्न मिसळला, पण तो हसल्यासारखा तुटक वाजत होता.

"आणि हे घड्याळजी," डॉक्टर आता वाहवत चालले होते, "जगाची घड्याळं दुरुस्त केली या माणसाने, पण सहलीला कधी वेळेवर आलाय? त्याची वाट बघून बघून माझ्या मिशा पिकल्या."

तुटक हॉर्न एकदम थांबला.

घाट आता अरुंद झाला होता. खाली दरीत ढगाची सावली एका शेतावरून दुसऱ्या शेतावर अलगद पाऊल टाकत होती. डॉक्टरांचा आवेश ओसरला. मघापासून बोललेले सगळे त्यांना अचानक पोकळ वाटले. मूळ दुखणे बाजूला राहिले होते आणि ते शेजारचे दात उपटत सुटले होते.

"ते जाऊ दे," ते हळू म्हणाले. "दोष त्यांचा नाही. हत्यार माझ्या हातात होतं. पण तुला एक सांगतो. तू हसशील. मी सगळा पक्षी काढला. चोच, पंख, ते शेपटीखालचं केशरी. डोळ्यापाशी आलो आणि हात थांबला. धजलाच नाही हात. तो डोळा अजून तिथेच आहे, मुठीच्या शेजारी. मोहरीएवढा. साहेबांना दिसणार नाही, पण मला दिसतो. सकाळपासून मी मागच्या दाराकडे गेलो नाही, तो त्या डोळ्याच्या भीतीनं."

पुढची गाडी इतकी सावकाश झाली की डॉक्टरांना जवळजवळ थांबावे लागले. तिचे लाल दिवे बराच वेळ लाल राहिले, आणि मग कुणी डोळे पुसून पुढे निघावे तशी ती निघाली.

"काहीतरी बोल ना," डॉक्टर काकुळतीला आले. "शिव्या दे. बस चुकव, नाहीतर बसने जा, पण बोल. बोलायचं नसेल तर निदान खोक तरी!"

आणि पडद्यामागून खोकला आला.

खोल, कोरडा. दोन पायऱ्यांचा.

डॉक्टरांचे हात स्टिअरिंगवर गोठले. गाडी मात्र शहाणी असल्यासारखी वळण घेत राहिली. एका क्षणात डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून झाड गेले, सावली गेली, पहिली जागा, दुसरी जागा, तो जाड 'हं' गेला. आणि शेवटी जन्मठेपेतून सुटू पाहणारा तो कैदी हात हलवत गेला.

पण माणूस बुडताना काडीलाही ओंडका समजतो. आपल्याला कळले आहे हे साहेबांना अजून कळलेले नाही, एवढीच काडी डॉक्टरांच्या हाती होती.

"म्हणजे, अगं," ते बायकोलाच उद्देशून, पण सभेत बोलावे तसे म्हणाले, "साहेबांविषयी मी जे बोललो ते आदरापोटीच हं. 'म्हातारा' म्हणजे वडीलधारा या अर्थाने. आणि तो कैद्याचा विनोद! जुना आहे, पण जुनं ते सोनं, नाही का? प्रत्येक वेळी त्यात नवा पदर सापडतो. परवा तर मला त्यात तत्त्वज्ञान दिसलं. आणि त्यांचा खोकला—"

"डॉक्टर," पडद्यामागून आवाज आला, "पुरे. साक्ष बदलू नका."

"साहेब!" डॉक्टर ओरडले. "तुम्ही! इथे!"

"आता आश्चर्याचा अभिनयही नको."

"थांबवतो. जागा मिळाली की लगेच गाडी थांबवतो."

"थांबवू नका. हललो की कमरेत कळ येते आहे. डावीकडून पहिली गाडी मोजली, चष्मा काढला, आडवा झालो. जाग आली ती 'माझं चुकलं' या शब्दांनी." साहेब पुढे म्हणाले. "आयुष्यभर माझ्यासमोर माणसं 'मी काही केलं नाही' म्हणत उभी राहिली. 'माझं चुकलं' हे कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. आणि तेही माझ्यासाठी नव्हतं. आता सांगा, मध्येच कसं बोलायचं? पहिल्या वाक्याला बोललो असतो तर सभ्यपणा झाला असता. पुढे तुम्ही माझ्यावरच घसरलात. मग प्रत्येक वाक्यागणिक बोलणं अवघड होत गेलं."

"पण उशी... पांघरूण... कळलं नाही तुम्हाला?"

"उशीला तेलरंगाचा वास येत होता. मला वाटलं, स्वप्नातला वास आहे. चांगला वाटला. शिवाय पाठीखाली काहीतरी टोचतंय कधीपासून. बाईंची रंगाची नळी असावी. फुटायची, म्हणूनही हललो नाही."

डॉक्टरांनी गियर बदलला. ते म्हणाले, "साहेब, माझी कार्यवाहपदाची उमेदवारी मी मागे घेतो."

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. घाट संपत आला होता. उन्हाचा एक तुकडा केबिनमधून निसटून पडद्याखालून आत गेला असावा, कारण साहेबांचा पुढचा आवाज उजेडात आल्यासारखा बदलला होता. "तो नियम मी का केला, माहीत आहे? सर्कस वगैरे सगळी सबब. पहिल्या सहलीला प्रत्येकाने गाडीवर काहीबाही लावलं होतं. कुणी भोपळ्याची वेल, कुणी नातवाने काढलेलं विमान. आमच्या हिने मला विचारलं, 'आपण काय लावायचं?' मी रात्रभर विचार केला आणि मला काही सुचलं नाही. जन्मभर कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवून जगलो. शेवटी स्वतःचीही बाजू उरली नव्हती. मग म्हटलं, कुणीच काही लावू नये. समान न्याय."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिले. प्रथमच त्यांना वाटले, मागे खरोखर कुणीतरी आहे.

"आणि खरं सांगू? मला प्रवास अजिबात आवडत नाही. या पलंगावर माझी पाठ मोडते."

"मग येता कशाला, साहेब?"

"ती गाडी चालवताना गुणगुणते." साहेबांचा आवाज अगदी खाली आला. "घरी कधी गुणगुणली नाही. माझ्या घरात कुणी गुणगुणत नसे. सगळे हळू चालत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, इंजिनात काहीतरी बिघाड झालाय. तेव्हापासून दुपारी मी मागे झोपायला जातो ते झोपायला नाही, ऐकायला. समोर बसलो तर ती थांबते. आज पडलो आणि गुणगुणणं काही येईना. म्हणून तुमचं बोलणं एवढं नीट ऐकलं."

समोरची गाडी आता चालत होती की थबकत होती, हे सांगणे कठीण होते.

"वहिनींना सांगा ना हे," डॉक्टर म्हणाले.

"छे! सांगितलं तर ती जाणीवपूर्वक गुणगुणेल. मग त्यात राम राहणार नाही." साहेबांना आता बोलण्याची गोडी लागली होती. "तसं तर तिला तिच्या कॉफीचंही कधी सांगितलं नाही. डॉक्टर, ती कॉफी म्हणजे जळालेल्या दोराचा काढा. लग्न झाल्यापासून मी ती मोरीत ओततो. पण मोठ्या खुबीने. सांगायचं कशाला? संसार म्हणजे काही गोष्टी पुराव्याअभावी सोडून देणं."

मागे एकाच वेळी पाच-सहा हॉर्न वाजले. डॉक्टरांना वाटले, मुक्कामाचे तळे दिसल्याचा आनंद असावा.

तळे दिसले होतेच. ताफा काठाने वळला आणि गाड्या नेहमीप्रमाणे ओळीत उभ्या राहू लागल्या. पण आज कुणाचे ओळीकडे लक्ष नव्हते. डॉक्टरांनी इंजिन बंद केले, घाम पुसला. पडदा सरकला. साहेब दोन्ही हात कमरेवर ठेवून, एकेक मणका मोजत, उठून बसले. ते उठताक्षणी त्यांच्या पाठीमागून खरखर झाली आणि गाडीत एकदम डझनभर माणसे शिरावीत तसा गलका झाला.

"साहेब, बटण! बटण दाबलं गेलंय!"

"ऐकू येतंय का आता?"

"डॉक्टर, खडक म्हणालात ना? खडक?"

"अरे, सुटलं, सुटलं बटण! कैदी सुटला!"

साहेबांनी पाठीमागे हात घालून ती वस्तू बाहेर काढली. ती रंगाची नळी नव्हती. तो त्यांनी गाडीतल्याखेरीज स्वतःसाठी वेगळा ठेवलेला, कमरेच्या पट्ट्याला लावलेला वॉकीटॉकी होता. जोवर त्याचे बटण दाबलेले राही, तोवर त्या गाडीतला शब्दन् शब्द बाकी सगळ्यांना ऐकू जाई आणि बाकीच्यांना एक अक्षरही बोलता येत नसे. साहेब संपूर्ण घाटभर त्यावर झोपले होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एका आरोपीने दुसऱ्याकडे पाहावे तसे.

"कुठपासून?" डॉक्टरांनी वॉकीटॉकीलाच विचारले.

"माझं चुकलं, इथपासून," बेकरीवाल्याचा आवाज आला. "या बाहेर. पाव घेऊन उभा आहे."

तो खरोखरच उभा होता. सगळा क्लब तळ्याकाठी अर्धगोल करून उभा होता, आणि त्या अर्धगोलात एवढी शांतता होती की पाण्यात बेडकाने उडी मारल्याचेही ऐकू आले. बेकरीवाल्याच्या हातात पाव होता. त्याने तो डॉक्टरांसमोर धरला. डॉक्टरांनी निमूटपणे एक घास तोडण्याचा प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी केला.

"कडकच आहे जरा," बेकरीवाला स्वतःच म्हणाला. "बायको रोज सांगते. पण परक्याच्या तोंडून ऐकलं की पटतं."

"मी मात्र वेळेवर पोचलोय आज, बघून घ्या," घड्याळजी म्हणाले. "एक शब्द चुकायचा नव्हता ना! आणि डॉक्टर, कार्यवाह तुम्हीच व्हा. इतिवृत्त वाचून दाखवायची गरजच नाही. सगळ्यांनी आधीच ऐकलेलं असेल."

हशा पिकला. पण तो अर्धवटच पिकला, कारण वहिनी पुढे आल्या. त्यांच्या हातात कपभर, नव्हे, पेलाभर कॉफी होती. ती काळी होती आणि तिच्यातून वाफ येत होती.

"घ्या," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आजूबाजूला पाहिले. मोरी कुठेच नव्हती. त्यांनी पेला घेतला, डोळे मिटले, आणि एका दमात रिता केला.

"कशी आहे?"

साहेबांनी तोंड उघडले आणि छातीत हवा भरली.

"खोकू नका," वहिनी म्हणाल्या. "बोला."

"वाईट आहे," साहेब म्हणाले.

वहिनींनी पदराने त्यांच्या मिशीवरचा कॉफीचा थेंब टिपला. "मग इतकी वर्षं मूग गिळून कशाला बसलात? मला स्वतःला कुठे आवडते! तुम्हाला अशी लागते म्हणून करत होते मी." एवढे बोलून त्यांनी रिता पेला परत घेतला, आणि काही न ठरवता, अगदी नकळत, एका सुराची सुरुवात त्यांच्या ओठांवर आली. त्यांनी ती लगेच दाबली. पण साहेबांनी ऐकली होती.

"साहेब," बेकरीवाल्याने संधी साधली, "मग त्या नियमाचं काय? आमच्या सासूबाईंना गाडीवर एक फुलपाखरू काढायचंय कधीपासून."

"पुढच्या बैठकीत दोन्ही बाजू ऐकून—"

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"रद्द," साहेब म्हणाले. "जरा आडवा होतो आता." आणि ते कमरेवर हात ठेवून रांगेकडे निघाले. चष्मा अजून खिशातच होता. त्यांनी बोट उंचावून डावीकडून गाड्या मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, मोठ्या निश्चयाने एक दार उघडले आणि आत गेले. पुढच्याच क्षणी आतून, तिथे आधीच आडव्या झालेल्या बेकरीवाल्याच्या सासूबाईंची किंकाळी तळ्यापलीकडे जाऊन परत आली.

"मला वाटतं, फुलपाखरू आजच काढायला हवं," घड्याळजी म्हणाले.

सगळे तिकडे धावले. काठावर फक्त डॉक्टर राहिले, हातात अर्धा पाव घेऊन. आणि जरा अंतरावर, पाण्याकडे तोंड करून, बाई.

डॉक्टर जवळ गेले. त्यांना आता बोलायला पडदा नव्हता, आणि पडद्याशिवाय बोलणे किती अवघड असते, हे त्यांना तेव्हा कळले.

"तू वहिनींच्या गाडीत होतीस."

"दुसरी गाडी मोजली आणि बसले," बाई म्हणाल्या. सकाळपासूनचे हे त्यांचे पहिले वाक्य. त्यांचा आवाज मुळीच जाड झालेला नव्हता. "आत गेल्यावर कळलं. पण वहिनी म्हणाल्या, असू दे, दोघांचीही जिरेल."

"सगळं ऐकलंस?"

"सगळ्यांनीच ऐकलं."

"माझं चुकलं, ते—"

"ते पहिल्या वळणावर ऐकलं. नंतर तुम्ही जगाचे दात काढत सुटलात, तेही ऐकलं. साक्ष फिरवलीत, तेव्हा तर वहिनींना गाडी चालवता येईना हसून."

"मघाशी मध्येच ब्रेक मारत होत्या, ते हसूनच?"

"एकदा हसून," बाई म्हणाल्या. "एकदा नाही."

दूरवर सासूबाई साहेबांना फैलावर घेत होत्या आणि साहेब, ऐकू येत होते त्यावरून, दोन्ही बाजू ऐकून घेत होते. ऊन पाण्यावर तिरपे झाले होते. एखादा पक्षी आता येईल आणि त्यावरून निळी रेघ ओढून जाईल, असे डॉक्टरांना वाटत राहिले. पण पक्षी असे मनधरणीला धावून येत नाहीत. जे सांगायचे ते स्वतःच सांगावे लागते, आणि जे विचारायचे तेही.

"मग," त्यांनी पावाचा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात घेत विचारले, "उद्या सकाळची बस?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग वळल्या आणि चालू लागल्या. समोर साऱ्या गाड्या सारख्याच उभ्या होत्या, पांढऱ्या, मुक्या, आणि घाईत कशाही लागल्यामुळे कुणाचीच जागा आज धड नव्हती. बाईंनी बोट उंचावले नाही, डावीकडून मोजले नाही. त्या सरळ एका दारापाशी गेल्या, मुठीच्या शेजारी, मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्यावर बोट टेकवले, आणि जिच्यात रंगांची पेटी होती त्या आपल्या गाडीचे दार उघडून आत गेल्या.